संगणकाचें टांचण आणि खतावणी

सांठवणीचें शास्त्र मनुष्याला यंत्रानें शिकविलें नाहीं. तें त्याला त्याच्या घरानेंच शिकविलें. वर्षाचें धान्य कोठीच्या खोलींत असतें, आणि त्यांतलें आठ दिवसांचें काढून डब्यांत, चुलीजवळच्या फळीवर ठेवलेलें असतें. कोठी मोठी, पण दूर व अंधारी. डबा लहान, पण हाताशीं. स्वयंपाक करणारी गृहिणी प्रत्येक मुठीसाठीं कोठीकडे धांव घेऊं लागली, तर दुपारचें जेवण रात्रींहि व्हावयाचें नाहीं. वारंवार लागणारी वस्तु जवळ असावी, क्वचित् लागणारी दूर असली तरी चालेल, एवढाच हा साधा नियम आहे. आजच्या संगणकाच्या वेगाचा बराच मोठा भाग ह्याच नियमावर उभा आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

संगणकांतील ह्या हाताशीं ठेवलेल्या सांठ्याला इंग्रजींत कॅश म्हणतात. त्याचा उच्चार रोख पैशाच्या कॅशसारखाच असला, तरी शब्द निराळा आहे. तो फ्रेंच भाषेंतील लपविणें ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. नांवाप्रमाणेंच ही वस्तु लपलेली असते. लेख लिहिणारा, हिशेब ठेवणारा किंवा छायाचित्रें जपून ठेवणारा मनुष्य संगणकाला मजकूर सांठविण्याची आज्ञा देतो, आज्ञा पार पडल्याची खूण पडद्यावर दिसते, आणि तो निश्चिंत होतो. वस्तुतः त्या क्षणीं त्याचा मजकूर पुष्कळदां कायमच्या सांठ्यांत पोंचलेलाच नसतो. तो वाटेंत असतो. वीज जातांच पुसली जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतींत असतो. हें वाटेंत असणें किती वेळ चालावें आणि त्याची जबाबदारी कोणीं घ्यावी, हा प्रश्न गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ संगणकशास्त्रापुढें उभा आहे. फिरत्या तबकडीच्या जागीं सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, आल्यावर तो आपोआप मिटला, असा पुष्कळांचा समज झाला. तो समज कितपत खरा, हें ठरविण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१९५६ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र जाहीर केलें. त्याच्या सांठवणीच्या भागांत सुमारें २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या असून त्या मिनिटाला १२०० फेरे घेत असत. ग्रामोफोनच्या तबकडीवर जसा सुईचा दांडा, तसाच येथेंहि एक दांडा होता. तो वरखालीं सरकून हव्या त्या तबकडीवर जाई व हवी ती नोंद काढून आणी. ५० लक्ष अक्षरें मावणारा हा सांठा त्या काळीं विस्मयकारक होता. परंतु एक नोंद हातीं येण्यास सरासरी ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. गणित करणारा भाग तेवढ्या अवधींत अनेक कामें उरकूं शकत असे. पण नोंद येईपर्यंत त्याला हात जोडून बसावें लागे. यंत्र जलद आणि कोठार मंद, हें दुखणें येथूनच सुरू झालें.

त्यावरील पहिला मोठा उपाय इंग्लंडांत, मँचेस्टर येथें निघाला. टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बांधलेल्या ॲटलस संगणकाचें उद्घाटन डिसेंबर १९६२ मध्यें झालें. त्यांत सोळा हजार शब्दांची जलद स्मृति आणि तिच्या सहापट मोठा, पण मंद गतीचा, फिरता दंडगोल होता. ह्या दोन्ही सांठ्यांची सरमिसळ अशी केली होती कीं, काम सांगणाऱ्याला तो एकच मोठा सांठा वाटावा. मजकुराचीं ५१२ शब्दांचीं पानें केलेलीं असत; लागेल तें पान यंत्र स्वतःच दंडगोलावरून वर आणी, आणि नजीकच्या काळांत लागणार नाहीं असें वाटणारें पान खालीं धाडी. कोणतें पान धाडावें हें ठरविण्यासाठीं पूर्वींच्या वापराचा हिशेब ठेवणारी एक कार्यप्रणालीच तेथें बसविली होती. डब्यांतलें धान्य संपण्यापूर्वीं कोठी उघडणारी जाणती गृहिणी जें करते, तेंच हें.

पुढें १९६५ सालीं केंब्रिज येथील मॉरिस विल्क्स ह्यांनीं एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. दहा लक्ष शब्दांची मंद स्मृति असावी, तिच्या सेवेंत बत्तीस हजार शब्दांची जलद स्मृति असावी, आणि तरीहि सगळा सांठाच जलद असल्यासारखा अनुभव यावा, अशी योजना त्यांनीं त्यांत मांडली. ह्या लहान स्मृतीला त्यांनीं सेविका अशा अर्थाचें नांव दिलें होतें. १९६८ सालीं आयबीएमनें आपल्या सिस्टिम ३६० मालिकेंतील ८५ क्रमांकाच्या यंत्रांत ही कल्पना बाजारांत आणली, आणि त्याच वर्षीं कंपनीच्या नियतकालिकांत छापलेल्या लेखांत तिला कॅश हें नांव मिळालें. तेंच पुढें रूढ झालें.

येथवरचा इतिहास बहुतांशीं वाचनाचा आहे. मूळ नोंद कोठारांत सुरक्षित असून तिची एक प्रत हाताशीं ठेवावयाची, एवढेंच त्यांत असतें. ती प्रत नष्ट झाली तरी कांहीं बिघडत नाहीं. पुन्हां कोठारांतून आणावी लागेल, थोडा वेळ जाईल, इतकेंच. परंतु लिहिण्याची गोष्ट निराळी आहे. पेढीवरचा मुनीम गिऱ्हाइकांची गर्दी असतां प्रत्येक व्यवहार लगेच खतावणींत चढवीत नाहीं. तो एका कागदावर टांचण करून ठेवतो, आणि गर्दी ओसरल्यावर सवडीनें पक्क्या वहींत उतरवितो. ह्यानें काम भराभर होतें हें खरें. पण मधल्या वेळांत तो कागद वाऱ्यानें उडून गेला, तर गिऱ्हाइकाचे पैसे घेतलेले आहेत आणि वहींत मात्र त्यांचा मागमूस नाहीं, असा प्रसंग ओढवतो. वाचनाची कॅश ही सोय आहे, लेखनाची कॅश हें ऋण आहे. संगणकावरील कॅशसंबंधींचा सर्व वाद मुळांत ह्या एका भेदाचा आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स ही कार्यप्रणाली रचली, तेव्हां हा भेद त्यांना चांगला ठाऊक होता. युनिक्समध्यें तबकडीवर जावयाचा मजकूर प्रथम स्मृतींतील कांहीं राखीव कप्प्यांत ठेवला जाई व मागाहून तबकडीवर लिहिला जाई. त्यामुळें तबकडीच्या खेपा पुष्कळ कमी होत. पण यंत्र अकस्मात् थांबलें, तर वापरणाऱ्याच्या दृष्टीनें पुरें झालेलें बरेंच लेखन प्रत्यक्षांत अपुरेंच राहिलेलें असणार, हें थॉम्प्सन ह्यांनीं १९७८ च्या आपल्या लेखांत स्वच्छ कबूल केलें आहे. त्यावर उपाय म्हणून सिंक नांवाची आज्ञा होती. ती दिली कीं सांचलेलें सर्व टांचण पक्क्या वहींत उतरविण्यास आरंभ होई. दर ३० सेकंदांनीं ही आज्ञा आपोआप देणारा एक लहानसा कार्यक्रमहि तेथें चालू असे. यंत्र बंद करण्यापूर्वीं ही आज्ञा त्रिवार द्यावी, अशी प्रथा जुन्या यंत्रचालकांत होती. पहिल्या आज्ञेनें सुरू झालेलें लेखन पुढच्या दोन आज्ञा टंकित होईपर्यंत आटोपावें, एवढाच तिच्यांतला व्यवहार.

मोठ्या संस्थांतील यंत्रांना जाणते चालक होते. घरच्या संगणकाला ते कोठून असणार? तो तर काम होतांच खटका दाबून बंद करण्याची लोकांची संवय. मार्च १९९३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें एमएस-डॉसची सहावी आवृत्ति काढली. तिच्यांतील स्मार्टड्राइव्ह नांवाचा कॅशचा कार्यक्रम केवळ वाचलेलेंच हाताशीं ठेवीत नसे, तर लिहावयाचेंहि कांहीं क्षण अडवून धरीत असे. अडचण अशी कीं, मजकूर वाटेंत असतांनाच पडद्यावर पुढील आज्ञेची खूण उमटे. काम संपलें असें समजून मनुष्य खटका दाबी, आणि उरलेलें लेखन हवेंत विरून जाई. अशा तक्रारी आल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या ६.२ ह्या आवृत्तींत नियम बदलण्यांत आला : अडविलेलें सर्व लेखन तबकडीवर उतरल्यावांचून पुढच्या आज्ञेची खूण दाखवावयाची नाहीं. ह्या दुरुस्तीनें वेग वाढला नाहीं. यंत्राच्या उत्तरांतील खरेपणा मात्र वाढला.

दुसरा एक उपायहि ह्याच सुमारास घरच्या संगणकाच्या दिशेनें येऊं लागला होता. मुनीम जशी खतावणीपूर्वीं रोजकीर्द लिहितो, तशी कार्यप्रणालीनेंहि करावयाच्या फेरफारांची एक क्रमवार नोंद आधीं लिहून ठेवावी, म्हणजे मध्येंच वीज गेली तरी ती नोंद पाहून वह्यांचा मेळ पुन्हां बसवितां येईल, अशी ही कल्पना. १९९३ सालच्या विंडोज एनटीमधील सांठवणपद्धतींत ती होती, आणि २००१ सालीं ती लिनक्सच्या मूळ प्रणालींत आली. तथापि रोजकीर्दीनें वहीचा सांगाडा शाबूत राहतो. टांचणांतच राहिलेला ताजा मजकूर ती परत आणून देईलच असें नाहीं. हा फरक फार महत्त्वाचा असून लोक नेमका तोच विसरतात.

ह्या सर्व काळांत तबकडीचा दांडा हाच कार्यप्रणालीचा खरा धनी होता. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला अर्धा फेरा घेण्यासच चार मिलिसेकंदांहून अधिक लागतात, आणि दांडा सरकण्यास तितकाच किंवा त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून त्याची पायपीट वांचविण्यासाठीं नाना युक्त्या निघाल्या. विखुरलेला मजकूर सलग मांडून ठेवण्याची युक्ति निघाली. २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्यें, लागणारे कार्यक्रम आधींच ओळखून ते वर आणून ठेवण्याची सोय झाली. २००७ सालीं सर्वसामान्य ग्राहकांच्या हातीं आलेल्या विंडोज व्हिस्तामध्यें तिचें सुपरफेच हें अधिक महत्त्वाकांक्षी रूप आलें. ह्या युक्त्या दांड्याच्या सेवेंत जन्मल्या होत्या, हें लक्षांत ठेवावयास हवें. कारण थोड्याच वर्षांत तो दांडाच नाहींसा व्हावयाचा होता.

दांडा नाहींसा करणाऱ्या वस्तूचा जन्म जपानांत झाला. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका ह्यांनीं १९८४ सालीं फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढें मांडली, आणि १९८७ मध्यें तिचा नँड नांवाचा, दाटीवाटीनें सांठवण करणारा प्रकार पुढें आला. ही स्मृति एका झटक्यांत पुसली जाते. तें पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला, आणि त्यावरून हें नांव पडलें. १९८८ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या व पुढें सॅनडिस्क ह्या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें १९९१ मध्यें २० मेगाबाइटांचा एसएसडी आयबीएमला पुरविला. त्याची किंमत सुमारें एक हजार डॉलर होती. एवढ्या मोलाची वस्तु घराघरांत येण्यास काळ जावा लागला. २००८ च्या सुमारास इंटेल व इतर कंपन्यांचे एसएसडी सामान्य ग्राहकाच्या आटोक्यांत येऊं लागले, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत नव्या लॅपटॉपांतून फिरती तबकडी जवळजवळ हद्दपार झाली.

ह्या नव्या सांठ्याचा स्वभाव मात्र नीट ओळखला पाहिजे. समजा, एक पाटी आहे. तिच्यावर एकेक ओळ स्वतंत्रपणें लिहितां येते, पण एकच ओळ पुसतां येत नाहीं, पुसावयाची तर अख्खी पाटीच पुसावी लागते. शिवाय पुष्कळ वेळां पुसली कीं ती झिजते. फ्लॅशची रचना अगदीं अशीच आहे. लिहिणें होतें तें कांहीं किलोबाइटांच्या पानावर. पुसणें होतें तें शेंकडों पानांच्या गठ्ठ्यानें. आणि प्रत्येक गठ्ठा अमुक हजार वेळांच पुसतां येतो. म्हणून एसएसडीच्या पोटांत स्वतःचा एक लहान संगणकच बसविलेला असतो. ओळ बदलावयाची झाली कीं तो ती दुसऱ्या कोऱ्या जागीं लिहितो, जुनी जागा रद्द समजतो, कोणती ओळ कोठें गेली ह्याची सूची ठेवतो, आणि झीज सर्व पाट्यांवर सारखी वांटली जाईल अशी काळजी घेतो. चार अक्षरें बदलण्यासाठीं त्याला आंतल्या आंत त्याहून कितीतरी अधिक लिहावें लागतें. मालकाला ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं.

कार्यप्रणालींनीं ह्या स्वभावाची दखल घेतली ती मुख्यतः २००९ नंतर. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें विक्रीस आलेली विंडोज ७ ही प्रणाली, सांठा फिरती तबकडी आहे कीं एसएसडी आहे, हें ओळखूं लागली. एसएसडी असल्यास मजकूर सलग मांडण्याचें नित्याचें काम ती थांबवी, आणि एसएसडी पुरेसा जलद आढळल्यास सुपरफेचसारख्या सोयीहि आपण होऊन बंद ठेवी. दांडाच नसल्यावर त्याची पायपीट वांचविण्यांत काय अर्थ? उलट ट्रिम नांवाची एक नवी आज्ञा ती देऊं लागली. पुसून टाकलेल्या मजकुराची जागा आतां जपण्याचें कारण नाहीं, हें तिनें एसएसडीला कळतें. लिनक्समध्यें ही सोय २०१० च्या आरंभीं आली. नव्या सांठ्यासाठीं जें बदलणें अवश्य होतें, तें अशा रीतीनें कार्यप्रणालींनीं स्वतःच बदललें.

परंतु लोकांच्या मनांत दोन समज रुजले ते रुजलेच. पहिला असा कीं, एसएसडी इतका जलद आहे, मग कॅश हवीच कशाला? ह्याचें उत्तर साध्या आंकड्यांत आहे. फिरत्या तबकडीवरून एखादी नोंद येण्यास सुमारें सेकंदाचा शंभरावा भाग लागतो; साध्या एसएसडीवरून दहा हजारावा; आणि संगणकाच्या मुख्य स्मृतींतून, म्हणजे रॅममधून, सुमारें एक कोटीवा. अर्थात् एसएसडी तबकडीच्या शंभरपट जलद झाला, हें खरें. पण रॅमच्या मानानें तो अद्यापि हजारपट मंदच आहे. कोठी माजघरांत आली म्हणून फळीवरचा डबा कोणी फेंकून देत नाहीं. लेखनाच्या कॅशची गरज तर एसएसडीमुळें एका अर्थीं वाढलीच. कारण दहा वेळां बदललेली ओळ टांचणांतच मिटून एकदांच पाटीवर गेली, तर झीज तितकी कमी होते.

दुसरा समज झिजेच्या भीतींतून निघाला. रॅम अपुरी पडल्यास तिच्यांतील पानें तात्पुरतीं सांठ्यावर ठेवण्यासाठीं प्रत्येक कार्यप्रणालीची एक राखीव जागा असते. ॲटलसच्या दंडगोलाचीच ती परंपरा. ती जागा एसएसडीवर ठेवली तर तो लौकर झिजेल, म्हणून ती तेथून हलवावी किंवा बंद करावी, असा सल्ला सर्रास दिला जाई. मे २००९ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञांनीं प्रत्यक्ष मोजमापें पाहून सांगितलें कीं, ह्या जागेवर एका लेखनामागें सुमारें चाळीस वाचनें होतात. वाचनानें झीज जवळजवळ होत नाहीं, आणि एसएसडीचा वाचनाचा वेग तर विशेष. म्हणजे जी वस्तु एसएसडीवर ठेवणें सर्वांत फायद्याचें, तीच लोक त्याच्यावरून उचलीत होते. भीति जुनी नव्हती, पण मोजमापावांचूनची होती.

खरी भीति बाळगावयाची ती जेथें होती, तेथें मात्र फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. ईएक्सटी-४ ही नवी सांठवणपद्धति डिसेंबर २००८ मध्यें लिनक्सच्या मूळ प्रणालींत वापरास योग्य म्हणून जाहीर झाली. पूर्वींची पद्धति नेहमींच्या मांडणींत दर पांच सेकंदांनीं नोंदी पक्क्या करी. नवी पद्धति वेगासाठीं मजकुराची जागा ठरविण्याचें कामच लांबणीवर टाकी, आणि तें अर्धा मिनिट किंवा त्याहूनहि अधिक रेंगाळे. २००९ च्या आरंभीं कांहीं वापरणाऱ्यांचीं यंत्रें अकस्मात् अडकलीं, आणि तीं पुन्हां चालू केल्यावर त्यांच्या कित्येक फायली नांवानें जागेवर असून आंत मात्र रित्या आढळल्या. पद्धतीचे प्रमुख रचनाकार थिओडोर त्सो ह्यांचें म्हणणें असें पडलें कीं, मजकूर पक्का हवा असेल तर कार्यक्रम लिहिणाऱ्यानें एफसिंक ही आज्ञा दिली पाहिजे; न मागितलेलें आश्वासन प्रणालीनें मोडलें असें म्हणतां येणार नाहीं. नियमानें हें बरोबर होतें. पण लोकांच्या फायली गेल्या होत्या, हेंहि तितकेंच खरें होतें. शेवटीं नेहमींच्या प्रसंगांपुरती तडजोड प्रणालींतच करण्यांत आली. वेगासाठीं काढलेल्या ऋणाची वसुली कोणाकडून होते, हें त्या वादांत उघड दिसलें.

येथें आणखी एक पायरी ध्यानांत घ्यावयास हवी. मजकूर वाटेंत थांबतो तो एकाच ठिकाणीं नव्हे, दोन ठिकाणीं : आधीं कार्यप्रणालीच्या ताब्यांतील रॅममध्यें, आणि तेथून निघाल्यावर सांठ्याच्या स्वतःच्या पोटांतील लहान स्मृतींत. यंत्र नुसतें अडकलें तर पहिल्या ठिकाणचा मजकूर धोक्यांत येतो. वीजच गेली तर दोन्ही ठिकाणचा. म्हणून महत्त्वाच्या क्षणीं कार्यप्रणाली सांठ्याला, पोटांत आहे तेवढें सर्व आतांच पक्कें कर, अशी निकडीची आज्ञा देते, आणि तसें झाल्याचें उत्तर येईपर्यंत पुढचें पाऊल टाकीत नाहीं. सगळ्या रोजकीर्दीची विश्वसनीयता ह्या एका आज्ञेवर टेकलेली आहे. २०१३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं पांच उत्पादकांचे पंधरा एसएसडी घेऊन, लेखन चालू असतांना त्यांची वीज वारंवार तोडून पाहिली. पंधरांपैकीं तेरांच्या वर्तनांत दोष आढळले. कोठें पक्कें झालेलें म्हणून सांगितलेलें लेखन नाहींसें झालें होतें, कोठें अर्धवट लिहिलें गेलें होतें, तर कोठें आंतील मजकूर वाचतांच येईना. मोठ्या संस्थांसाठीं बनविलेल्या कित्येक एसएसडींत ह्याच कारणासाठीं वीज धरून ठेवणारे लहान घटक बसवितात. बाहेरची वीज गेली तरी पोटांतलें लेखन उरकण्यापुरती वीज ते पुरवितात. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींत असा पूर्ण बंदोबस्त नसतो.

हा सर्व इतिहास विंडोजमध्यें आज दोन लहानशा चौकटींत येऊन थांबला आहे. सांठ्याच्या गुणधर्मांच्या यादींत त्या आढळतात. पहिली चौकट लेखनाची कॅश चालू ठेवण्याची. ती आंतील एसएसडीसाठीं चालू असणेंच योग्य, कारण ती बंद केल्यास लेखनाचा वेग पुष्कळ घटतो. दुसरी चौकट वर सांगितलेली निकडीची आज्ञाच रद्द करण्याची. तिच्या शेजारींच, सांठ्याला वीज जाण्यापासून स्वतंत्र संरक्षण असल्यावांचून ही निवडूं नये, असा इशारा छापलेला असतो. तरीहि चांचणींतील आंकडा थोडा वाढतो म्हणून ही दुसरी चौकट निवडण्याचा सल्ला देणारे आणि तो मानणारे कमी नाहींत. पहिली चौकट टांचण ठेवण्याची परवानगी देते. दुसरी, पक्क्या वहीची मागणी आल्यावरहि टांचणावरच भागविण्याची. दोहोंत हें अंतर आहे.

लिनक्समध्यें ह्याच गोष्टी आंकड्यांनीं ठरतात. बदललेला मजकूर रॅममध्यें ३० सेकंदांहून अधिक जुना झाला कीं तो सांठ्याकडे धाडण्यास योग्य ठरतो, आणि हें काम पाहणारा कारभारी दर पांच सेकंदांनीं जागा होतो, अशी मूळ मांडणी आहे. युनिक्सचे ते ३० सेकंद तबकडी जाऊन एसएसडी आला तरी तसेच राहिले आहेत. बाहेरून जोडावयाच्या सांठ्याचा नियम मात्र मायक्रोसॉफ्टनें २०१८ सालीं बदलला. विंडोज १० च्या त्या वर्षींच्या शरदांतील आवृत्तीपासून अशा सांठ्यावरील लेखनाची कॅश मूळ मांडणींत बंद असते; कारण लोक तो न विचारतां उपटून काढतात, हें अनुभवानें कळून चुकलें. पंचवीस वर्षांपूर्वीं एमएस-डॉसच्या बाबतींत जें शिकावें लागलें, तेंच येथें पुन्हां एकदां शिकावें लागलें.

सारांश, एसएसडीनें तबकडीचा दांडा नाहींसा केला आणि त्या दांड्यासाठीं काढलेल्या युक्त्या अनावश्यक केल्या. पण सांगितलेलें आणि प्रत्यक्ष लिहिलेलें ह्यांमधील अंतर त्यानें नाहींसें केलें नाहीं. तें केवळ लहान केलें, आणि लहान झाल्यामुळें तें अधिक दिसेनासें झालें. महाराष्ट्रानें २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत भारनियमन भोगलें आहे. वीज कोणत्या क्षणीं जाईल ह्याचा नेम नसतो, ही गोष्ट येथील कुटुंबांना निराळी शिकवावयास नको. ज्या घरांत टेबलावरचा संगणक आहे, तेथें त्याला यूपीएस असावा. लॅपटॉपाला स्वतःची बॅटरी असते खरी, पण अडकलेलें यंत्र खटका दाबून धरून बळानें बंद केलें तर ती बॅटरी वाटेंतल्या मजकुराचें रक्षण करीत नाहीं. बंद करावयाचें तें रीतसर बंद करावें, बाहेरचा सांठा सांगून काढावा, कॅशची मूळ मांडणी कारणावांचून बदलूं नये, आणि मोलाच्या मजकुराची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं असूं द्यावी. एवढें केल्यास घरचीं कागदपत्रें, मुलांचीं छायाचित्रें आणि वडिलांच्या आठवणींची हस्तलिखितें वाटेंत हरवण्याचें भय पुष्कळच कमी होईल.